डिचोलीचं न झालेलं युद्ध

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक लेख आला. विषय होता १६४०-४१ साली गोव्यातल्या डिचोलीच्या परिसरात पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात झालेला संघर्ष. लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा, भरगच्च. चकमकी, तह, तळटीपा, सगळं जागच्या जागी. दोन महिन्यांत त्याला 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला. पाच वर्षांहून जास्त काळ तो तसाच होता. मग २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने तळटीपांतली पुस्तकं शोधायला घेतली आणि ती कुठेच सापडेनात. लेख बनावट निघाला, काढून टाकला गेला. ते युद्ध कधी झालंच नव्हतं.

एक अख्खं युद्ध इतकी वर्षं शंका न येता वाचलं जातं, याचं मला फार आश्चर्य वाटतं. पण त्याहून मोठं आश्चर्य हे, की एक खेळ असा आहे जो ही बनवाबनवी एका संध्याकाळी उघडी पाडू शकला असता. टेबलावर मांडायचा, छोट्या सैनिकांचा युद्धखेळ.

अशा नव्या खेळांच्या पेट्या अलीकडे भराभर येत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच लोकवर्गणीतून तयार होतात. पेटीत अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक असतात. पायापासून डोळ्यांपर्यंत साधारण २८ मिलिमीटर उंचीचे. ते आपणच जोडायचे, रंगवायचे. बुद्धिबळासारखी घरं नसतात. सहा फूट बाय चार फूट टेबल म्हणजे रणांगण, त्यावर टेकड्या, झाडं, घरं मांडायची, अंतर मोजायला टेप आणि नशिबाला फासे. बंदूकधारी टेकडीआडून दिसतो का, हे खाली वाकून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून बघायचं. शेजारची तुकडी पळाली तर आपली टिकेल का, त्यासाठी पुन्हा फासे.

आता या टेबलावर १६४० ची डिचोली मांडून बघू. पहिलाच प्रश्न: मराठ्यांचा सेनापती कोण? शिवाजी महाराज तेव्हा दहा वर्षांचे. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत, दूर बंगळूरला. डिचोलीचा मुलूख विजापूरचा. म्हणजे ज्याच्या नावाने निशाण रोवायचं ते मराठी राज्यच अजून उभं नव्हतं. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांकडे गोव्यात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढेच प्रांत, आणि त्यांचं सगळं लक्ष समुद्राकडे. डच आरमार वर्षानुवर्षं गोव्याची नाकेबंदी करत होतं. १६३९ मध्ये त्यांनी मुरगावपाशी पोर्तुगीजांची जहाजं जाळली. जानेवारी १६४१ मध्ये मलाक्का डचांनी घेतलं. अशा वेळी डिचोलीच्या डोंगरात लढायला कोणती पलटण पाठवली, किती बंदुका, कोणत्या उतारावरून नदी ओलांडली? लेखात या जागा गोड शब्दांनी भरता येतात. टेबलावर मात्र प्रत्येक सैनिक कुठेतरी उभा करावा लागतो, आणि तो तिथवर कसा पोहोचला हे सांगावं लागतं.

मला या खेळांबद्दल सांगायचंय ते हेच. ते माहिती मागतात, आणि ती नसेल तर अडून बसतात.

हा गुण त्यांच्यात जन्मापासून आहे, आणि त्या जन्माचं एक टोक आपल्याकडे आहे. चतुरंग म्हणजे पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ. पटावर मांडलेलं हे सैन्य इराणमार्गे युरोपात गेलं आणि बुद्धिबळ झालं.  पण बुद्धिबळाच्या पटाला जमीन नाही. सगळी घरं सारखीच सपाट. १७८० च्या सुमारास ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या माणसाने पटावर नद्या, दलदल, गावं आणली. १८१२ मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने आपल्या राजासाठी एक टेबलच बनवलं, हवी तशी जुळवता येणारी जमीन असलेलं. त्याच्या लष्करात असलेल्या मुलाने १८२४ मध्ये नियम पक्के केले. नकाशा १:८००० प्रमाणाचा, एक डाव म्हणजे दोन मिनिटं. फाशांचे तक्ते त्याने मनाने लिहिले नाहीत. बंदुकीच्या फैरीतल्या किती गोळ्या किती अंतरावर खरोखर लागतात, याच्या चाचण्या प्रशियन सैन्यात शार्नहोर्स्ट या सेनानीने घेतल्या होत्या, ते आकडे त्याने फाशांत ओतले. फासा म्हणजे नुसतं नशीब राहिलं नाही. तो मोजलेल्या अनिश्चिततेचा हिशेब झाला. ही कल्पना मला आजही थक्क करते.

आणि खेळाने सत्य शोधून काढल्याचा पुरावा हवा असेल तर १९४२ चं लिव्हरपूल बघा. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये जहाजांचे तांडे बुडवत होत्या, त्या नेमक्या कुठून मारा करतात हे कळत नव्हतं. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातल्या तरुण मुलींनी खोलीच्या जमिनीवर समुद्र आखला, छोटी जहाजं मांडली आणि झालेल्या लढाया पुन्हा खेळून पाहिल्या. पाणबुडी तांड्याच्या बाहेरून मारा करते असं गृहीत धरलं की हिशेब जुळेना. ती मागून येऊन तांड्याच्या पोटात शिरते असं धरलं की जुळला. त्यातून बचावाच्या नव्या चाली निघाल्या आणि त्या प्रत्यक्ष समुद्रात वापरल्या गेल्या.

टेबलावरच्या खेळात आणखी एक नवल लपलेलं असतं, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे माणसाचा साधारण साठावा हिस्सा. त्याच प्रमाणात जमीन धरली तर सहा फुटी टेबल म्हणजे जेमतेम ११० मीटर. त्यावर एखादा मोठा किल्ला मावणार नाही. म्हणून खेळ रचणारे जमिनीचं प्रमाण वेगळं धरतात. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर धरलं तर टेबलावर पावणेदोन किलोमीटरहून जास्त मुलूख बसतो. पण मग तोच सैनिक त्या जमिनीवर २८ मीटर उंच ठरतो! एकाच टेबलावर दोन प्रमाणं सुखाने नांदतात. एक सैनिक म्हणजे वीस-तीस माणसं असं मनाशी धरलं की डोळा तक्रार करत नाही. चांगल्या खेळात ही तडजोड विचारपूर्वक केलेली असते, कच्च्या खेळात ती झालेलीच नसते.

लोकवर्गणी इथे कशाला हवी? कारण साचा. प्लास्टिकचे सैनिक ओतायला पोलादी साचे लागतात आणि ते फार महाग पडतात. एकदा साचा झाला की पुढचा प्रत्येक सैनिक स्वस्त. छोट्या खेळकर्त्याकडे तो पहिला पैसा नसतो. २००९ मध्ये किकस्टार्टर हे लोकवर्गणीचं संकेतस्थळ सुरू झालं आणि खेळणाऱ्यांनीच आगाऊ पैसे द्यायची सोय झाली. २०१२ मध्ये रीपर या अमेरिकी कंपनीने बोन्स नावाच्या सैनिकमालिकेसाठी सतरा हजारांहून जास्त लोकांकडून सुमारे ३४ लाख डॉलर उभे केले. २०२० मध्ये फ्रॉस्टहेवन या खेळाला जवळपास १ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. राजकारणावरचा 'शासन' हा भारतीय खेळही २०१९ मध्ये याच वाटेने आला. या वाटेचा एक धोका आहे. वर्गणी वाढावी म्हणून पेटीत जास्तीचे राक्षस, जास्तीचे सैनिक घालायचं आमिष दाखवावं लागतं. पेटी जड होते, नियम पातळ राहतात. नवी पेटी हाती आली की मी आधी नियमांची वही वाचतो आणि तीन गोष्टी बघतो. जमिनीमुळे डाव बदलतो का? सेनापतीचा हुकूम कधी पोहोचतच नाही असं घडतं का? आणि हरलेल्याला आपण का हरलो हे सांगता येतं का? हे नसेल तर सैनिक कितीही देखणे असोत, ते कपाटात छान दिसतील एवढंच.

आता न झालेलं युद्ध बाजूला ठेवू आणि झालेलं मांडू. उत्तर गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या मातीत खऱ्या लढायांची कमी नाही. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळावर शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. पेडण्यात शापोरा नदीकाठी हळर्णचा किल्ला आहे. तो मे १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, आणि त्या विजयाबद्दल त्याला 'हळर्णचा मार्किस' असा किताब मिळाला. पण टेबलासाठी मी निवडेन जुवे बेट. मांडवीच्या फाट्यांनी वेढलेलं, ज्याला सांत इस्तेव्ह म्हणतात ते. तारीख २४ नोव्हेंबर १६८३, रात्र.

संभाजी महाराजांची फौज गोव्यावर चालून आली होती. त्या रात्री दहाच्या सुमारास, ओहोटी असताना, मराठ्यांची एक छोटी तुकडी पाणी ओलांडून बेटावरच्या किल्ल्याचा तट चढली आणि तिने किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः सैन्य घेऊन आला, मार खाऊन आणि जखमी होऊन परतला. पुढे जानेवारी १६८४ मध्ये मोगल शहजादा शाह आलम डिचोलीवर कोसळला आणि गोव्यावरचा दाब सुटला.

'रात्री दहा, ओहोटी'. वाचताना हे शब्द सहज मागे पडतात. खेळ तसं होऊ देत नाही, कारण पाणी किती खोल आहे हे कळल्याशिवाय सैनिक पुढे सरकवता येत नाही. म्हणून गणित करून पाहिलं. चंद्राच्या कला मागे मोजत गेलं की त्या दिवशी शुद्ध पंचमी-षष्ठीच्या आसपासची तिथी येते. कोकणातले मच्छीमार भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात, ती रीत इथे लावू. पाच किंवा सहाची पाऊणपट म्हणजे पावणेचार ते साडेचार. दुपारी चारच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे रात्री दहा!

तीनशे चाळीस वर्षांपूर्वीचा वृत्तांत आणि रापण ओढणाऱ्या मच्छीमाराचं तोंडी गणित एकाच घटकेवर येऊन मिळतात. एवढंच नाही. पंचमी-षष्ठीचा चंद्र रात्री दहाच्या सुमारासच मावळतो. पाणी उतरतंय आणि काळोख पडतोय, दोन्ही एकाच वेळी. तट चढणाऱ्याला याहून चांगली घटका मिळणं कठीण.

आणि इथे खेळ एक नवा प्रश्न पुढे टाकतो. पंचमी-षष्ठी म्हणजे अष्टमी जवळ आलेली, भांगाचे दिवस. भांगात पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. अमावास्येला उधाणाची ओहोटी याहून खोल गेली असती, पण ती संध्याकाळी सहाच्या सुमारास, पुरता अंधार पडण्याआधी. मग उथळ पाणी महत्त्वाचं की काळोख? टेबलावर दोन्ही रात्री खेळून बघता येतात. सहा तासांचे बारा डाव पाडायचे, अर्ध्या तासाचा एक. दर डावाला पाण्याची खूण सरकवायची: गुडघा, कंबर, छाती. छातीएवढ्या पाण्यात तोड्याची बंदूक डोक्यावर धरून चालावं लागतं, म्हणून चाल निम्मी. काठावर खाजणाचे, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतांचे बांध आणि त्यांतल्या मानशी, म्हणजे पाण्याची दारं. बांधावरून चाललं तर पाय कोरडे, पण आकाशाच्या रेषेवर आकृती दिसणार, आणि पहारेकऱ्याचा फासा दोनने वाढणार. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉयची पाळी. त्याला परतीची भरती कधी मिळते, हे आदल्या रात्रीच्या ओहोटीवरूनच ठरतं.

असा खेळ बाजारात यायला लाखो डॉलर लागतीलच असं नाही. दिवाळीत आपण दारात मातीचा किल्ला करतो, मावळे उभे करतो, शिखरावर महाराजांना बसवतो. फक्त समोर शत्रू मांडत नाही, म्हणून किल्ल्याची परीक्षा कधी होत नाही. डिचोलीत अजून मातीकाम करणारे कुंभार आहेत. पेडण्यात आणि मांडवीच्या काठी नदीचा प्रत्येक उतार पाठ असलेली माणसं आहेत. तेव्हा पेडणे-डिचोलीतल्या शिक्षकांना आणि मुलांना माझी विनंती आहे: येत्या दिवाळीत हळर्ण किंवा जुव्याचा किल्ला करा, समोरच्या काठावर दुसरी बाजूही मांडा, पाणी कुठे आणि किती वाजता उतरतं हे मच्छीमारांना विचारून लिहून ठेवा, आणि मग फासे टाका.