नारायणगावचं तळघर

महाराष्ट्राच्या वाईनचा इतिहास हल्ली नाशिकपासून सुरू होतो आणि नाशिकलाच संपतो. आम्हा जुन्नर-आंबेगावकरांना ते लागतं. पुण्याहून पेठ, मंचर, कळंब मागे टाकून नारायणगावला पोचलं की जिथे ही गोष्ट सुरू झाली ती जागा येते.

उद्योजक श्याम चौगुले यांनी 1980च्या दशकात फ्रान्सच्या पायपर-हाइडसीक या शॅम्पेन कंपनीचं तंत्र इथे आणलं. सह्याद्रीच्या उतारात वाईनरी बांधली. फेसाळ वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, त्यासाठी बारमाही गारवा आणि अंधार लागतो. माना खाली करून ठेवलेल्या बाटल्या रोज थोड्याथोड्या फिरवायच्या, साका बुचाशी उतरवायचा, मग मान गोठवून तो उडवून टाकायचा. शॅम्पेन प्रांतातली ही कला आपल्या तालुक्यात रुजली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने तिची बाटली परदेशात गेली. नव्वदचं दशक तसं संथच गेलं.

खरी उलथापालथ पाहिली ती पुढच्या दहा वर्षांत. 2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वाईनला अबकारी करातून सूट मिळाली. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क जाहीर झाले. इकडे करारावर बागा उभ्या राहिल्या. खायच्या थॉमसन द्राक्षांची सवय असलेले हात बारीक, बियांच्या मण्यांच्या वेलींची छाटणी शिकले. घडाच्या वजनाऐवजी साखर मोजायला शिकले. त्या वर्षांत बांधावरच्या गप्पांना वेगळीच धार होती, आणि ती मला अजून आठवते.

चौगुलेंच्या कंपनीने ऑस्ट्रेलियातही वाईनरी घेतली. कर्ज वाढलं, 2008ची मंदी आली, शेतकऱ्यांची देणी थकली, कामगारांचे पगार अडकले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. थॉमसनचा व्यापारी फिरला तर घड दुसऱ्या गाडीत भरता येतो. वाईनचा बियाळ मणी कोणत्या मंडईत खपणार? माणसांनी रडत बागा तोडल्या. बाटल्या फिरवणारे कसलेले हातही पांगले, आणि त्यांचं ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही याचा मला आजही राग येतो.

2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायची की नाही यावर राज्यभर रान पेटलं. द्राक्ष पिकवणाऱ्याचा उल्लेख दोन्ही बाजूंनी केला, पण त्याचे पैसे बुडाले तर काय, हे कुणी विचारलं नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे. वाईनच्या द्राक्षाला यातलं काहीच नाही. नाशिकच्या बागायतदारांनी तसं संरक्षण आत्ताच मागून घ्यावं.