भेगाळलेल्या हातांची शंका

वणीजवळच्या राजूर गावाचे रूप कोळशाच्या खाणीने आणि चुन्याच्या भट्ट्यांनी घडविले आहे. आणि जेथे पोटासाठी घरदार सोडून आलेली माणसे राबतात, तेथे तरुण वयातील एकटेपण आणि त्या एकटेपणातून कधीमधी घडणारी क्षणिक जवळीक हीही ओघानेच येते. समजा, अशा एखाद्या तरुणाची कुणाशी जवळीक झाली; आलिंगन, चुंबन, एकमेकांच्या गुप्तांगांना झालेला हातांचा स्पर्श, यापलीकडे काही घडले नाही; तरीही दुसऱ्या दिवशी भट्टीवर काम करताना चुन्याने भेगाळलेल्या आपल्या बोटांकडे पाहून त्याच्या मनात शंका शिरली की, या भेगांतून ‘तो रोग’ आपल्या अंगात गेला तर नसेल? त्या शंकेने त्याची झोप उडते, अन्न गोड लागत नाही, आणि विचारावे तर कुणाला, हे त्याला कळत नाही.

त्याला द्यावयाचे उत्तर स्पष्ट आहे: अशा संपर्कातून एचआयव्हीची लागण होत नाही. मात्र नुसत्या हुकुमासारखे सांगितलेले उत्तर भयग्रस्त मनाला पटत नाही, म्हणून त्यामागची कारणे सांगणे अगत्याचे आहे. हा विषाणू संसर्ग घडवील इतक्या प्रमाणात रक्त, वीर्य, वीर्यपूर्व स्राव, योनिस्राव, गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध एवढ्याच द्रवांत असतो. लाळ, घाम, अश्रू यांतून तो पसरत नाही. शिवाय तो असलेला द्रव नुसता अंगाला लागून भागत नाही. योनी, गुदाशय, शिश्नाग्र किंवा तोंड यांच्या आतील नाजूक अस्तरापर्यंत, अथवा सुईवाटे थेट रक्तापर्यंत तो पोहोचावा लागतो. शाबूत त्वचा ही त्याला न ओलांडता येणारी भिंत आहे, आणि शरीराबाहेर पडून वाळू लागलेल्या द्रवात त्याची संसर्गशक्ती झपाट्याने ओसरते. चुन्याने पडलेली कोरडी भेग किंवा खपली धरलेला ओरखडा ही वाहती जखम नव्हे. ताज्या, रक्त येणाऱ्या जखमेवर बाधित माणसाचे रक्त पडले तर गोष्ट निराळी, पण हाताने केलेल्या प्रेमचेष्टांत तसे घडत नाही. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असेल तरच चुंबनाबाबत विचार करावा लागतो, आणि तशी उदाहरणेही जगात अत्यंत विरळ आहेत. मुखमैथुनाचा धोका फार थोडा आहे. तो अगदी शून्य आहे असे मात्र कुणी म्हणू नये.

प्रत्यक्ष संभोगातही प्रत्येक वेळी लागण होतेच असे नाही. उपचार न घेणाऱ्या बाधित जोडीदाराशी निरोधाविना योनिसंभोग झाल्यास एका वेळचा सरासरी धोका स्त्रीला दहा हजारांत सुमारे 8 आणि पुरुषाला सुमारे 4 इतका धरला जातो. हे आकडे बेफिकिरीला परवाना देण्यासाठी सांगितलेले नाहीत, कारण संबंध वारंवार येतात, आणि अन्य गुप्तरोग असतील तर धोका वाढतो. परंतु संभोगाचा धोका एवढा असताना नुसत्या हातांच्या स्पर्शाने रात्ररात्र जागावे, यात विषाणूपेक्षा निराळेच काही काम करीत असते, हे त्यांवरून ध्यानी यावे.

ते निराळे काही म्हणजे अपराधाची भावना, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण काही वाईट केले, म्हणून त्याची सजा झालीच पाहिजे, अशी मनाची धारणा झाली की रोग हाच दंड होऊन बसतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक अशाच कोंडलेल्या प्रश्नांना शास्त्राच्या आधारे उत्तरे देत असे. आणि त्या उत्तरांवर अश्लीलतेचा आरोप येऊन 1934 साली खटला चालला, तेव्हा कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटल्यात दंड झाला, परंतु प्रश्न विचारण्याचा लोकांचा अधिकार बाबासाहेबांनी न्यायासनासमोर मांडला, हे आजही स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

भयग्रस्त मनाचे शरीरही खोटी साक्ष देऊ लागते. जिभेवरचा पांढरा थर, अंगावरची पुटकुळी, बिघडलेले पोट ही सारी रोगाची लक्षणे वाटू लागतात, वस्तुतः जागरणाने आणि चिंतेनेही हे घडते. लक्षणांवरून एचआयव्हीचे निदान होतच नाही. ते रक्ततपासणीनेच होते. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत, ज्यांना लोक ‘आयसीटीसी’ म्हणतात, ही तपासणी मोफत होते. समुपदेशक आधी बोलतो, मग रक्त घेतले जाते, आणि निकाल एकांतात सांगितला जातो. संमतीवाचून तपासणी करणे व निकाल फोडणे यांना 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. खरोखर धोका घडला असेल, निरोध फाटला असेल किंवा बलात्कार झाला असेल, तर 72 तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, डॉक्टरांकडे जाऊन 28 दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करावे लागते, व तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून खातरजमा करावी लागते. ज्याला असा धोका घडलाच नाही त्याने मात्र तपासणीमागून तपासणी करीत राहू नये. प्रत्येक निकालाने चार दिवस शांतता लाभते आणि पाचव्या दिवशी नवी शंका उगवते. हे चक्र थांबत नसेल तर तो मनाचा आजार मानून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, अथवा ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 क्रमांकावर बोलावे. एचआयव्हीविषयीच्या शंकांसाठी 1097 हा क्रमांक आहेच.

या भयाचा आणखी एक बळी असतो, आणि तो म्हणजे खरोखर बाधित असलेला शेजारी. स्पर्शाने रोग होतो असे मानणारा समाज त्याचा पेला वेगळा ठेवतो, त्याच्या विधवेला पंगतीबाहेर बसवितो. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने 2011 साली दाखवून दिले की, लवकर औषधे सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण 96 टक्क्यांनी घटते. आणि नियमित औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला व तसाच राहिला, त्याच्याकडून संभोगातूनही लागण होत नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांनी सिद्ध केले. ही औषधे 2004 पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि ती घेणारा माणूस कामावर जातो, लग्न करतो, निरोगी मुलांचा बाप होतो.