इझाकायात बसायचं कसं

टोकियोतला शिंबाशी हा कचेऱ्यांचा भाग. संध्याकाळ झाली की स्टेशनाभोवतीच्या गल्ल्यांत लाल कागदी कंदील पेटतात आणि सुटाबुटातली माणसं दोघं-तिघं करून आत शिरतात. ही इझाकाया. पोटभर जेवायच्या बेताने गेलात तर घोळ होईल, कारण इथे लोक प्यायला बसतात आणि खाणं त्या पिण्याच्या चालीने येत राहतं.

दाराचा पडदा सारून किती जण ते बोटांनी दाखवायचं. बसल्यावर हात पुसायला ओला टॉवेल येतो आणि लगेच पेयाची विचारणा होते. मेन्यू चाळायची ही वेळ नव्हे. बहुतेक टेबलांवरून 'तोरिआएझु बीरु' ऐकू येतं, म्हणजे 'तूर्तास बीअर'. न पिणाऱ्याने खुशाल ऊलाँग चहा सांगावा. सगळ्यांच्या हाती ग्लास आले की 'कांपाई', त्याआधी घोट नाही.

पेयाबरोबर न मागवलेली एक छोटी वाटी येते, ती ओतोशी. बिलात तिचे माणशी 300 ते 500 येन दिसले की परक्याला फसवल्यासारखं वाटतं. पण हे जागेचं भाडं आहे, चखण्याच्या रूपात घेतलेलं. टिप द्यायची पद्धत नाही, त्यामुळे मला तरी हा सौदा मान्य आहे. शिवाय त्या वाटीवरून आचारी कळतो. मुळ्याची साधी फोड ज्याने मन लावून शिजवली, त्याच्याकडे पुढचं निर्धास्त मागवावं.

मागवायचं मात्र हप्त्याहप्त्याने. एकदम दोन-तीन पदार्थ, तेही मध्ये ठेवून वाटून खायचे. आधी चटकन येणारे: मीठ लावलेल्या एदामामेच्या शेंगा, थंड तोफू. मग साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, मग तळलेली काराआगे कोंबडी. निखाऱ्यावरच्या याकितोरीला वेळ लागतो, म्हणून ती आधीच सांगून ठेवलेली बरी. तिथे प्रश्न येतो, मीठ की 'तारे', म्हणजे सोया सॉसचा गोडसर लेप. कातडी, काळीज, पेटा असे कोंबडीचे सगळे भाग काडीवर मिळतात. पेटा मिठातच खावा, तारेखाली त्याची चव बुजते. वेटरला हाक मारायची ती 'सुमिमासेन' म्हणून, आणि चांगली मोठ्याने. या गोंगाटात पुटपुटणाऱ्याची ऑर्डर कुणी घेत नाही.

शाकाहाऱ्यांनी जपून. भाजीच्या रश्श्यातही बहुधा सुक्या बोनितो माशाचं पाणी असतं आणि थंड तोफूवर त्याच माशाचा कीस भुरभुरलेला असतो.

साके, म्हणजे तांदळाची दारू, 'गो'च्या मापाने येते. एक गो म्हणजे 180 मिलिलिटर. सुरईतून आपण शेजाऱ्याच्या पेल्यात ओतायचं, आपल्यात तो ओततो. काही ठिकाणी लाकडी चौकोनी मापात ग्लास ठेवून तो उतू जाईपर्यंत भरतात. तो उचलायला जाऊ नये, सांडतो. वाकून पहिला घोट घ्यावा. मापात सांडलेली साकेही आपलीच.

शेवटी भात किंवा नूडल्स. गरम चहा किंवा रस्सा ओतलेला भात, ओचाझुके, पिऊन झालेल्या पोटाला फार मानवतो. मग 'ओकाइकेई' म्हणून बिल मागायचं. मित्रमंडळी ते सरळ डोक्यावर वाटून घेतात, आणि रात्रभर ऊलाँग चहा प्यायलेला माणूसही बऱ्याचदा तेवढेच पैसे मोजतो.