मनातलं दुखणं सांगा

पेणकरपाड्यातली एखादी बाई डॉक्टरांना म्हणते, "अशक्तपणा आहे." डॉक्टर रक्त कमी समजून गोळ्या देतात. तिला खरी काळजी असते अंगावरून पांढरं जाण्याची. तिला वाटतं, डॉक्टरांना कळलंच असेल. डॉक्टरांना वाटतं, काही असतं तर बोलली असती.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग निघाले. आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८!

म्हणून रांगेतच ठरवा: काय होतंय, कधीपासून, भीती कशाची. वास, खाज असेल तर तेही सांगा. निघताना औषध कसं घ्यायचं, ते डॉक्टरांना परत म्हणून दाखवा. लाजेपायी दुखणं वाढवू नका.