गटकार्यालयाचा फोन इंटरनेटवर; पण वीज गेली तर?



उसाला आग लागली की पहिला फोन जातो गटकार्यालयाला. जळालेला ऊस जितका पडून राहील तितके वजन घटते, साखरही उतरते. तेव्हा तो फोन लागलाच पाहिजे. आता ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून तांब्याच्या तारेवरचे फोन जाऊन इंटरनेटवर चालणारे आयपी फोन टेबलावर आले आहेत. दिसायला जुन्यासारखेच, पण त्यांची चाल वेगळी. ती सभासदांनी समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

जुन्या फोनमधून आपले बोलणे तारेवरून सलग वाहत जाई. आयपी फोन आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून त्याचे आकडे करतो आणि साधारणपणे सेकंदाला ५० तुकडे करून ते इंटरनेटवरून धाडतो. मोळीला चिठ्ठी लावावी तसा प्रत्येक तुकड्यावर पत्ता व क्रमांक असतो. पलीकडचा फोन ते क्रमाने जुळवून ऐकवतो. फरक एवढाच, की उसाची गाडी उशिरा आली तरी काट्यावर वजन होतं. बोलण्याचा तुकडा फार उशिरा आला तर टाकूनच द्यावा लागतो. मग आवाज तुटतो आणि माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. म्हणून राऊटरमध्ये आवाजाला पहिली वाट द्यायची सोय करून घ्यावी.

फायदे खरेच आहेत. एका बोलण्याला दोन्ही दिशांना प्रत्येकी १०० किलोबिटच्या आतच वेग लागतो. म्हणजे दहा बोलणी एका मेगाबिटमध्ये बसतात. सगळी गटकार्यालये आणि मुख्य कचेरी अंतर्गत क्रमांकांनी जोडता येतात. संच दुसऱ्या खोलीत नेला तरी नंबर तोच राहतो. एकच नंबर शेती खात्यातल्या तीन टेबलांवर एकदम वाजवता येतो.

ग्यानबाची मेख आहे ती विजेत. जुन्या फोनला सुमारे ४८ व्होल्ट वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून त्याच तारेने मिळे. गावात अंधार झाला तरी फोन वाजायचा. आयपी फोनचे तसे नाही. फोन, स्विच आणि राऊटर या तिघांनाही वीज हवी. एक जरी बंद पडला तरी फोन मुका. नेटच्या केबलमधूनच फोनला वीज देण्याचे मानक २००३ साली ठरले. तसा स्विच घेतला, तर स्विच आणि राऊटर यूपीएसवर ठेवून भागते. शिवाय इंटरनेटच बंद पडले तर उपयोगी पडावा म्हणून एक मोबाईल नंबर कार्यालयाच्या फलकावर ठळक लिहिलेला असावा.

आणखी एक. संचाचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. नाहीतर कुणी भामटा रात्रीतून परदेशी फोन करील आणि बिल आपल्या नावावर येईल.

गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक गटकार्यालयात एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बाहेरून फोन लावून बघावा. घंटा वाजली तर व्यवस्था पक्की. नाही वाजली, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे. ऊस पेटल्यावर तो नसतो.

— ऊस विकास अधिकारी