मसाल्याच्या शब्दांचा लिलाव

लालबागच्या मसाला गल्लीतल्या एका दुकानाच्या गूगलवरच्या जाहिराती मी सांभाळते. उन्हाळा लागला, मिरच्या कुटायला रांगा लागल्या, की ‘मालवणी मसाला’ या शब्दांचा भावही चढतो. तेच शब्द मोठ्या ब्रँडना आणि घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपनाही हवे असतात.

गूगलने ही जाहिरातसेवा 2000 मध्ये सुरू केली. क्लिकमागे बोली 2002 मध्ये आली. आता प्रत्येक शोधाला जाहिरातीच्या जागेचा क्षणात लिलाव होतो. नुसती मोठी बोली लावून भागत नाही. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, वेबसाइट कशी आहे, हेही पाहिलं जातं. क्लिक झाली की पैसे कापले, मग गिऱ्हाईक काही घेवो न घेवो. म्हणून ‘रेसिपी’, ‘नोकरी’ हे शब्द मी वगळलेत आणि जाहिरात गिरगाव ते दादर एवढ्यापुरतीच ठेवली आहे.

प्रतिस्पर्धी तुमच्या नावावरही बोली लावू शकतो. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असा वापरणं आपोआप बेकायदा ठरत नाही, पण ग्राहकाची दिशाभूल झाली तर गूगललाही हात झटकता येणार नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं. तेव्हा आधी स्वतःच्या नावावर बोली लावा. बहुधा तीच सगळ्यांत स्वस्त पडते.