बर्फ डब्याच्या आत

डिसेंबरातली पहाट, भंडारदऱ्याच्या जलाशयाचा काठ. रात्रभर दव पडून तंबू ओलाचिंब झालेला. चहासाठी पातेलं चढवलं आणि गॅसचा छोटा स्टोव्ह पेटवला. सुरुवातीला ज्योत निळी, जोरकस होती. मग ती बसत गेली आणि दहाएक मिनिटांत मेणबत्तीएवढी उरली. डबा संपला म्हणावं, तर हलवल्यावर आत द्रव डुचमळत होता. हात लावला तर डबा बर्फासारखा गार. हवा फार तर 10 अंशांची असेल, पण डबा तिच्याहून कितीतरी थंड होता.

ही थंडी स्टोव्हनेच तयार केली होती. पारदर्शक लायटरमध्ये जे पाण्यासारखं हलताना दिसतं, तेच या डब्यात असतं: दाबाखाली द्रव झालेलं ब्यूटेन. ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं. आपण कळ फिरवली की वरची वाफ बाहेर पडते आणि तिची जागा भरायला खालचा द्रव उकळू लागतो. उकळायला उष्णता लागते, ती तो स्वतःच्याच अंगातून काढतो. माठातलं पाणी याच कारणाने गार होतं. फरक एवढाच की माठाला गार व्हायची मुभा आहे, स्टोव्हला नाही.

हिशेब करून पाहा. दहा मिनिटांत 25 ग्रॅम गॅस जळाला, तर त्याची वाफ व्हायला सुमारे 9 किलोज्यूल उष्णता लागते. डब्यात उरलेल्या 200 ग्रॅम द्रवातून ती सगळी काढली, तर त्याचं तापमान 15 अंशांहून अधिक खाली येतं. भोवतालच्या हवेतून थोडी उष्णता आत शिरते, म्हणून प्रत्यक्षात घसरण कमी होते. पण पहाटे 10 अंशांपासून सुरुवात करणाऱ्या डब्याला शून्याजवळ जायला तेवढी पुरते, आणि शून्याजवळ ब्यूटेनला बाहेर ढकलणारा दाबच उरत नाही.

आता फिनलंड किंवा कॅनडातल्या गोठलेल्या तळ्याकडे वळू. तिथे बर्फाला भोक पाडून, गळ टाकून तासन्‌तास बसायची रीत आहे. हवा उणे 15, उणे 20. निव्वळ ब्यूटेनचा डबा तिथे निरुपयोगी. म्हणून तिथले लोक उणे 42 अंशांना उकळणारं प्रोपेन वापरतात, नाहीतर हाताने हवा भरायचा स्टोव्ह. पण त्या गारठ्यातही एक ऊबदार गोष्ट त्यांच्या पायाशीच असते: भोकातलं पाणी. बर्फाखालचं पाणी शून्य ते चार अंशांचं असतं, हवेपेक्षा पुष्कळ गरम. आयसोब्यूटेन उणे 12 ला उकळतं. त्याचा डबा या पाण्याच्या वाडग्यात उभा केला की ज्योत टिकते. वाडग्यातलं पाणी गोठायला लागलं तरी बिघडत नाही. गोठताना दर किलोमागे 334 किलोज्यूल उष्णता ते डब्यालाच देतं.

आमच्या अकोले तालुक्यात तळी गोठत नाहीत, पण उंची आहे. कळसूबाई 1646 मीटर, हरिश्चंद्रगड 1424. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 82 टक्के उरतो आणि पाणी 94-95 अंशांनाच उकळतं. त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही, भात कच्चट राहतो. म्हणून डाळ घरूनच भिजवून न्यावी आणि छोटा कुकर पाठीवर घ्यावा. शिटीच्या दाबाखाली पाणी पुन्हा 117 अंशांच्या आसपास जातं आणि उंचीचा प्रश्न मिटतो. गंमत अशी की डाळीला अडवणारी हीच विरळ हवा गॅसला मदत करते. बाहेरचा दाब कमी, म्हणून ब्यूटेन माथ्यावर उणे सहाच्या आसपासही उकळतं.

रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हबद्दल मला आजही आदर वाटतो. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी 1892 मध्ये घडवलेला प्रायमस अमुंडसेन 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर घेऊन गेला. त्यात दाब आपल्या हाताचा असतो, थंडीच्या मर्जीवर काही नाही. आधी कपात जाळ करून नळी तापवायची, मग पंप मारायचा. छिद्र साफ करायची पिन हरवली की मात्र उपाशी. आता रेशनवर रॉकेल मिळेनासं झाल्यावर तो स्टोव्ह माळ्यावर गेला.

स्पिरिटचा स्टोव्ह आपल्या जिल्ह्याला शोभणारा. प्रवरेचं पाणी भंडारदऱ्याला 1926 पासून अडवलेलं, खाली ऊस त्याच पाण्यावर वाढतो आणि मळीतून इथेनॉल निघतं. पण थंडीत ते रुसतं. साधारण 13 अंशांखाली त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफच जमत नाही, काडी लावली तरी विझते. शिवाय वजनाला वजन उष्णता गॅसच्या साठ टक्क्यांच्या आतबाहेर. उन्हात ज्योत दिसत नाही, आणि पेटलाय हे न कळता कुणी वर आणखी स्पिरिट ओततं. मी तरी कुटुंबाला हा स्टोव्ह सुचवणार नाही.

तीन दगडांची चूल इथल्या वस्त्यांवर शतकानुशतकं चालत आली आहे, पण कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे 1986 पासून अभयारण्य आहे. डिसेंबरात कड्यावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. पाहुण्यांनी इथे लाकूड पेटवू नये असं मला मनापासून वाटतं.

काठापर्यंत गाडी जात असेल तर पाच किलोचं छोटं सिलिंडर उत्तम. तेवढ्याच ज्योतीने एवढा द्रव दहा मिनिटांत जेमतेम एक अंश गार होतो. पाठीवर न्यायचा असेल तर उभ्या डब्याचा, वर पेच बसणारा स्टोव्ह घ्या. मिश्रणात प्रोपेन किंवा आयसोब्यूटेन असेल तर अधिक चांगलं. प्रोपेन मात्र आधी निघून जातं, म्हणून अर्धा झालेला डबा पहाटे जास्त त्रास देतो. आडवा डबा बसणाऱ्या चपट्या स्टोव्हचा डबा पाण्यात ठेवता येत नाही, तो रात्री जाकिटात गुंडाळून ठेवावा.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो आणि ज्योत पातेल्याला लागूच देत नाही. आडोसा करावाच, पण ज्योतीला. डब्याभोवती कधीच नाही. कोंडलेल्या उष्णतेने डबा फुटतो. आणि वारा चुकवायला स्टोव्ह तंबूत किंवा गुहेच्या कोंदट कोपऱ्यात नेऊ नका. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून ठेवतं. माणूस झोपेतच जातो.

त्या पहाटे आम्ही जेवणाच्या ताटलीत जलाशयाचं पाणी भरलं. हवेपेक्षा ते चांगलंच कोमट लागत होतं. त्यात डबा उभा केला. मिनिटाभरात ज्योत पुन्हा निळी होऊन उभी राहिली. चहाला आधण आलं तेव्हा ताटलीत बोट घालून पाहिलं. वर पाणी खळखळत होतं आणि खालचं इतकं गार झालं होतं की बोट बधिर व्हावं. ते ओतून टाकलं आणि दुसऱ्या चहासाठी तळ्यातून ताजं भरून आणलं.